तीच क्वेरी, तोच कालखंड, २११ नोंदी जास्त. रिव्ह्यूअरला काय सांगू?

हुरडा_पार्टी:

नमस्कार मंडळी. इथे ग्रंथालयवाले बरेच आहेत, म्हणून धीर करून विचारते.

माझी पीएचडी ग्रंथालय व माहितीशास्त्रात चालू आहे. 'ज्वारी आणि अवर्षण' या विषयावर १९९० ते २०२२ मध्ये जगभर जे संशोधन छापून आलं, त्याची ग्रंथमिती (कुणी, कुठे, किती लिहिलं याची मोजणी) असं एक प्रकरण आहे. (मी परभणीकडची, घरी कोरडवाहू ज्वारी. विषय कुठून आला ते कळलंच असेल.) त्याचा पेपर करून पाठवला. स्कोपसवरून (संशोधनलेखांचा वर्गणीचा डेटाबेस) नोंदी उतरवल्या होत्या. वर्षवार आलेख, पहिले दहा लेखक, पहिल्या दहा संस्था, लोटकाचा नियम (थोडे लेखक खूप लिहितात, बाकीचे एखादाच लेख), ब्रॅडफर्डचा नियम (थोड्याच नियतकालिकांत बरेचसे लेख) आणि व्हॉसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरमधले कीवर्डचे तीन रंगीत नकाशे. सगळे करतात तसंच.

पहिल्या रिव्ह्यूअरने 'छान' म्हटलं. दुसऱ्याने विचारलं: शोध कोणत्या तारखेला घेतला? पूर्ण क्वेरी (डेटाबेसला दिलेले शोधशब्द आणि अटी) कुठे आहे? नोंदी कशाच्या आधारावर गाळल्या? आणि खाली एक वाक्य, की हे काम दुसऱ्या कुणाला पुन्हा करून पाहता येईल असं वाटत नाही.

म्हटलं, मीच पुन्हा करून बघते. पहिला शोध मार्च २०२३ मध्ये आमच्याकडच्या लॉगिनवरून घेतला होता. ते लॉगिन आता बंद आहे, म्हणून पुण्याला मैत्रिणीच्या संस्थेत जाऊन बसले. तेच शब्द, तोच कालखंड. तर २११ नोंदी जास्त! तिथल्या एसीतही घाम फुटला. संस्थांचा क्रम बदलला, आणि नकाशात पाच क्लस्टर (एकत्र येणाऱ्या शब्दांचे गट) होते त्याचे सहा झाले. पाच क्लस्टरना मी पाच सुंदर नावं दिली होती, त्यावर चार पानं चर्चा लिहिली होती.

वहीत शोधलं तर मी लिहून ठेवलंय: 'सॉर्घम अँड ड्रॉट, फिल्टर नेहमीचे'. नेहमीचे म्हणजे कोणते, हे आता मलाच आठवत नाही.

मार्गदर्शक म्हणतात, नवीन आकडे घ्या, तक्ते बदला, विषय संपवा. पण मग जुने आकडे चुकीचे होते का? चूक माझी की स्कोपसची?


चहा_कमी_साखर:

मार्गदर्शक बरोबर सांगताहेत. डेटाबेस रोज बदलतो, त्याला तुम्ही काय करणार? नवीन तारीख टाका, नवीन तक्ते टाका, मोकळ्या व्हा. माझे असे दोन पेपर छापून आलेत, कुणी क्वेरी विचारली नाही. रिव्ह्यूअर नंबर दोन हा जगात सगळीकडे असाच असतो.


कपाट_क्रमांक_७:

वरचा सल्ला मानू नका. मी ३१ वर्षं एका कृषी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. आता निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, त्यामुळे लांबण लागेल.

आधी शब्दाची भानगड मिटवतो. रिव्ह्यूअर जे मागतोय त्याला पुस्तकी मराठीत 'पुनरुत्पादनक्षमता' म्हणतात. आमच्या शेजारीच पशुसंवर्धन विभाग होता, त्यामुळे हा शब्द मला कधी गंभीर चेहऱ्याने उच्चारता आला नाही. मी 'पडताळा' म्हणतो.

तुम्ही ग्रंथालयशास्त्राच्या आहात, ॲक्सेशन रजिस्टर पाहिलं असेलच. पुस्तक आलं की क्रमांक पडतो. पुढे ते हरवलं, वाळवीने खाल्लं, तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत आणि नोंद खोडतही नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने 'बाद', तारीख आणि सही. दहा वर्षांनी ऑडिटवाला आला आणि कपाटात पुस्तकं कमी निघाली, तरी ग्रंथपालाला झोप लागते, कारण प्रत्येक फरकापुढे शेरा असतो. तुमच्या रिव्ह्यूअरला आकडा तोच यायला हवा असं वाटत असेल असं मला वाटत नाही. त्याला शेरा हवाय.

तर पहिलं काम: मार्च २०२३ ची मूळ फाइल अजून आहे का? असेल तर देवाला नारळ फोडा. स्कोपसच्या प्रत्येक नोंदीला ईआयडी, म्हणजे तिचा ओळखक्रमांक, असतो. जुनी आणि नवी यादी ईआयडीवर समोरासमोर लावा. २११ ही नुसती वजाबाकी आहे. आत काही नोंदी नव्याने आल्या असतील आणि काही जुन्या गळाल्याही असतील. गळालेल्या आधी बघा, त्या जास्त बोलतात. २०२२ च्या डिसेंबरात ऑनलाइन आलेला लेख पुढे २०२३ च्या अंकात बसला की त्याचं वर्ष बदलतं आणि तो तुमच्या कालखंडाबाहेर जातो. एकाच लेखाच्या दोन नोंदी सापडल्या तर स्कोपसवाले त्या एकत्र करतात. आणि एखादं नियतकालिक नव्याने घेतलं की त्याचे मागचे अंकही मागाहून भरले जातात, म्हणजे २००५ सालचे लेख २०२४ मध्ये 'वाढू' शकतात. यात चूक कुणाची नाही. पण तारीख लिहिली नाही तर ती तुमची चूक.

'नेहमीचे फिल्टर' हा मात्र खरा रोग. फक्त शोधलेख घेतले की समीक्षालेखही? परिषदांची कार्यवृत्तं? फक्त इंग्रजी? ब्राझीलमध्ये ज्वारीवर पोर्तुगीजमध्ये किती लिहिलं जातं, बघा एकदा. आणि शीर्षक-सारांश-कीवर्ड असा शोध घेतलात तर स्कोपसच्या 'कीवर्ड'मध्ये लेखकाने दिलेले शब्द असतातच, शिवाय डेटाबेसकडून निर्देशन (इंडेक्सिंग) करणाऱ्यांनी घातलेलेही असतात. लेख मक्यावरचा, पण निर्देशकाने 'सॉर्घम' जोडलं, की तो तुमच्या ज्वारीच्या खळ्यावर हजर. वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हेच काम 'कीवर्ड्स प्लस' करतं. ते शब्द लेखाने उद्धृत केलेल्या संदर्भांच्या शीर्षकांमधून यंत्राने उचललेले असतात. लेखकाला त्यांचा पत्ताही नसतो.

वेब ऑफ सायन्सचा विषय निघाला म्हणून सांगतो, तिथे नोंदींमध्ये सारांश आणि लेखकाचे कीवर्ड येतात ते १९९१ पासून. त्याआधीच्या नोंदींत शोध बहुतेक शीर्षकावरच लागतो. त्यामुळे कुठलाही विषय घ्या, १९९० ते १९९१ मध्ये आलेख उडी मारतो. एका मौखिकीला मी मागे बसलो होतो. उमेदवाराने ती उडी दाखवून 'उदारीकरणामुळे भारतीय संशोधनाला चालना मिळाली' असं सांगितलं, आणि समोरच्या परीक्षकांनी मान डोलावली. मी चहा घ्यायला बाहेर गेलो. तुम्ही स्कोपसवर होतात म्हणून या सापळ्यातून सुटलात. पण १९९० पासूनच का सुरुवात केली, याचं कारण लिहा. गोल आकडा हे कारण नव्हे.

आता संस्थांचा तक्ता. पेपर न वाचता सांगतो, तो चुकीचा आहे.

तुम्ही परभणीच्या, तर तुमच्या अंगणातलंच उदाहरण घ्या. २०१३ पर्यंत 'मराठवाडा कृषी विद्यापीठ', नंतर 'वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ'. लेखक पत्ता लिहितात तो कधी 'ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी', कधी 'कृषी विद्यापीठ', कधी नुसती 'व्हीएनएमकेव्ही' ही अक्षरं, कधी फक्त 'सॉर्घम रिसर्च स्टेशन, परभणी'. संगणकाच्या लेखी या चार संस्था. चौघी मिळून कदाचित पहिल्या दहात बसल्या असत्या, वेगवेगळ्या राहिल्या तर एकीचंही नाव येत नाही. हैदराबादचं त्याहून गमतीदार. राष्ट्रीय ज्वार संशोधन केंद्र, मग ज्वार संशोधन निदेशालय, मग भारतीय कदन्न संशोधन संस्था. इमारत तीच. या शेवटच्या नावाचं इंग्रजी लघुरूप 'आयआयएमआर', आणि लुधियानाच्या मका संशोधन संस्थेचं लघुरूपही 'आयआयएमआर'! लघुरूपावरून एकत्र केलंत तर मका आणि ज्वारी एका पोत्यात. शिवाय कुणी 'आयसीएआर' (भारतीय कृषी अनुसंधान परिषद) ही पालकसंस्था लावली की देशभरच्या शेतीसंस्थांची खिचडी होऊन ती पहिल्या क्रमांकावर जाऊन बसते.

तुम्ही कोणतं नाव कशात मिळवलं, याची यादी आहे का तुमच्याकडे? व्हॉसव्ह्यूअरला थिसॉरस फाइल देता येते, दोन रकाने, डावीकडे सापडलेलं नाव आणि उजवीकडे ठेवायचं नाव. ती फाइल म्हणजे तुमच्या पेपरची खरी कार्यपद्धती. लोक नकाशा छापतात आणि ती फाइल फेकून देतात. लेखकांच्या नावांचं तर विचारूच नका. महाराष्ट्रातल्या शेतीसंशोधनात 'पाटील एस.' किती असतील! 'सर्वाधिक लेखन करणारे' म्हणून एका अस्तित्वात नसलेल्या पाटलांचा सत्कार करू नका.

संदर्भांचंही तेच. डॉगेटचं 'सॉर्घम' हे पुस्तक जवळजवळ प्रत्येक जण उद्धृत करतो. १९७० ची आवृत्ती वेगळी, १९८८ ची वेगळी, आणि त्यात प्रकाशकाचं नाव प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लिहिलेलं. हार्लन आणि डी वेट यांचा १९७२ चा वर्गीकरणाचा लेख, कुणी 'डी वेट' सुटं लिहितं, कुणी जोडून. न जुळवता सर्वाधिक उद्धृत ग्रंथांचा तक्ता केलात, तर तो तक्ता टंकलेखनाच्या सवयींचा होतो.

शोधशब्दांबद्दल थोडक्यात: जुन्या लेखांत 'सॉर्घम व्हल्गेअर' हे नाव असतं, त्यात निदान 'सॉर्घम' तरी आहे. पण 'जोवार', 'ग्रेट मिलेट', अमेरिकेतला 'मायलो' हे सुटतात. घ्या किंवा घेऊ नका, मात्र काय ठरवलं ते लिहा.

आणि लोटका. हा नियम तुम्ही 'तपासला' म्हणता, तर मूळ लेख वाचलाय का? १९२६ चा आहे, वॉशिंग्टन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकातला. लोटका एका विमा कंपनीत संख्याशास्त्राचं काम करत होता. संगणक नाही, काही नाही. त्याने 'केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स'ची १९०७ ते १९१६ ची दशवार्षिक सूची घेतली आणि त्यातली फक्त 'ए' आणि 'बी'पासून सुरू होणारी आडनावं मोजली. ६,८९१ नावं. हे त्याने लपवलं नाही, सरळ लिहिलं. सहलेखन असेल तर श्रेय फक्त ज्येष्ठ लेखकाला दिलं, हेही लिहिलं. आज शंभर वर्षांनी तुम्ही त्या सूचीचे खंड घेऊन बसलात, तर त्याची मोजणी पुन्हा करू शकता. तुमची दोन वर्षांपूर्वीची मोजणी तुम्हाला करता येत नाहीये. आणि एक आणखी. एका लेखाचे आठ लेखक असतील तर आपण आठही जणांना एकेक गुण देतो आणि मग 'लोटकाचा नियम लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढतो. तो नियम अशा मोजणीसाठी मांडलेलाच नव्हता.

रागावू नका. तुमच्या प्रश्नातली ती 'नेहमीचे' वाली ओळ वाचली आणि म्हटलं, ही मुलगी खरं बोलते आहे, हिला पूर्ण सांगावं. बहुतेक लोक ती ओळच गाळतात.


सीड_शून्य:

काकांनी डेटाचं सांगितलं, मी नकाशाचं सांगतो. पाचाचे सहा क्लस्टर झाले, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं असेल तर त्या पाचांना नावं देऊन चार पानं लिहिलीत, त्याला घाबरा :)

कीवर्ड नकाशावर यायला किमान किती वेळा आला पाहिजे, तो आकडा व्हॉसव्ह्यूअर आधीच ५ धरून ठेवतं. बहुतेक जण तो बदलतही नाहीत आणि लिहितही नाहीत. २११ नोंदी वाढल्या की चारवर अडकलेले कितीतरी शब्द उंबरठा ओलांडून आत येतात. मग पूर्ण मोजणी की अंशात्मक मोजणी, रिझोल्यूशन (गट किती बारीक पाडायचे) किती, लहान क्लस्टर मोठ्यात मिसळायचे का, हे सगळं तुम्ही (किंवा तुमच्या वतीने सॉफ्टवेअरने) ठरवलेलं असतं. शिवाय मांडणी आणि क्लस्टरिंग यादृच्छिक सुरुवातीवरून चालतं, त्यामुळे सीड (ती सुरुवात ठरवणारा आकडा) आणि सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवा. नकाशाची डावी-उजवी बाजू, वर-खाली, याला काही अर्थ नसतो. हवा तसा फिरवता येतो. 'जनुकशास्त्र डावीकडे सरकलं' अशी वाक्यं मी छापलेली पाहिली आहेत.

चित्राबरोबर मॅप फाइल आणि नेटवर्क फाइलही जपा. रिझोल्यूशन ०.८, १ आणि १.२ वर तिन्ही वेळा जे क्लस्टर टिकतात, तेवढ्यांवरच लिहा. आर या संगणकभाषेतलं बिब्लिओमेट्रिक्स हे पॅकेज वापरत असाल तर स्क्रिप्टच जपून ठेवा. त्याचं क्लिक-क्लिकवालं रूप सोयीचं आहे, पण कुठे क्लिक केलं ते महिन्याने आठवत नाही.

आणि तुमची ती मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होती का? खरं सांगा. पृष्ठं ३-१२ ची एक्सेल ३ डिसेंबर करून टाकतं, आणि पोर्तुगीज नावांवरच्या टोप्या उडून तिथे कचरा येतो. जनुकशास्त्रवाल्यांनी याचा इतका धसका घेतला की २०२० मध्ये मानवी जनुकांची काही अधिकृत नावंच बदलली. 'सेप्ट-१' हे जनुक एक्सेलमध्ये १ सप्टेंबर व्हायचं, म्हणून त्याचं 'सेप्टिन-१' केलं.


हुरडा_पार्टी:

काका, रागावले नाही. दोन दिवस तुमच्या पोस्टची प्रिंट टेबलावर ठेवून काम केलं.

मूळ फाइल सापडली. ईमेलमध्ये मलाच पाठवून ठेवली होती, त्यामुळे एक्सेलचा हात न लागलेली. (ज्यावर काम केलं, तिला मात्र लागला होता. ३ डिसेंबर भरपूर निघाले.)

ईआयडी लावून पाहिले. २३८ नव्या, २७ गळालेल्या. गळालेल्यांतल्या २२ चं वर्ष २०२२ वरून २०२३ झालंय, ३ दुसऱ्या नोंदीत विलीन झाल्यात, २ कुठेच सापडत नाहीत. २३८ पैकी १४६ समीक्षालेख आहेत. म्हणजे पहिल्या वेळी 'नेहमीचे'मध्ये मी फक्त शोधलेख ठेवले होते आणि पुण्यात तो फिल्टर लावायचा राहिला. मोठा वाटा माझाच. ७१ मागाहून भरलेल्या जुन्या अंकांमधल्या. उरलेल्या २१ चं काही कळत नाही. शोधलेखच आहेत, वर्षं मधलीच आहेत, नियतकालिकंही आधीपासून स्कोपसमध्ये आहेत.

संस्था जुळवायला सुरुवात केली. परभणीची सात रूपं सापडली, चार नव्हे. एकात तर 'परभणी' गुजरातेत आहे.

क्लस्टर तिन्ही रिझोल्यूशनवर फक्त तीन टिकतात. चार पानांची दीड झाली.

दोन प्रश्न. मुख्य तक्ते जुन्या डेटावर ठेवू की नव्या? आणि रिव्ह्यूअर डेटा मागतोय, पण स्कोपसची फाइल अशी जाहीर टाकता येते का?


चहा_कमी_साखर:

सहज म्हणून माझ्या २०२१ च्या पेपरची फाइल शोधली. लॅपटॉपच बदललाय. असो.


कपाट_क्रमांक_७:

शाब्बास. गुजरातेतली परभणी जपून ठेवा, सेमिनारला कामी येईल.

मुख्य तक्ते जुन्याच डेटावर ठेवा. त्याची मूळ फाइल हातात आहे, तारीख तुम्हाला ईमेलवरून सांगता येते आणि फिल्टर कोणता होता तो आता सिद्ध झालाय. समीक्षालेख वगळण्याचं कारण एका वाक्यात लिहा. नव्या शोधातून शोधलेख तेवढे घेऊन संस्थांचा तक्ता आणि वर्षवार आलेख पुन्हा काढा आणि पुरवणीत जोडा. पहिल्या पाच संस्था दोन्हीकडे त्याच राहिल्या तर तसं लिहा, नाही राहिल्या तरी तसं लिहा.

फाइल जशीच्या तशी टाकू नका, सारांश वगैरे परवान्याखाली असतात. ईआयडी आणि डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) यांची यादी, पूर्ण क्वेरी, थिसॉरस फाइल आणि गाळलेल्या नोंदी कारणासह, एवढं झेनोडो या खुल्या डेटाभांडारावर ठेवा. ज्याच्याकडे स्कोपस आहे तो तेवढ्यावरून संच पुन्हा उभा करेल. ज्याच्याकडे नाही (म्हणजे आता तुम्हीही), त्याच्यासाठी डीओआयवरून ओपनॲलेक्स या खुल्या डेटाबेसमध्ये किती नोंदी सापडतात तेही बघून ठेवा. तिथला डेटा सीसी-शून्य (सगळे हक्क सोडून दिलेला) आहे, जाहीर वाटला तरी कुणी अडवत नाही. लायडन विद्यापीठाच्या लोकांनी २०२४ मध्ये त्यांच्या विद्यापीठ क्रमवारीची खुली आवृत्ती त्यावरच काढली. मात्र पत्त्यांच्या बाबतीत तिथेही डोळे उघडे ठेवा, आणि आपल्याकडच्या जुन्या नियतकालिकांना डीओआयच नसतो, ते यादीत हातानेच घालावे लागतील.

त्या २१ नोंदींना पुरवणीत वेगळा तक्ता द्या. शेऱ्याच्या रकान्यात 'कारण कळले नाही'. त्या दोन न सापडणाऱ्यांनाही तेच.


हुरडा_पार्टी:

२१ मधल्या ४ सुटल्या! चारही लेख अवर्षणावरचे आहेत, पण तो शब्द फक्त सारांशात आहे, आणि तो सारांश स्कोपसमध्ये मागाहून भरलेला दिसतोय. म्हणून तेव्हा क्वेरीत लागल्या नाहीत. १७ राहिल्या. उद्या परत पुण्याला जातेय.